‘पुस्तक वाचून मन बदललं’ म्हणजे नेमकं काय बदललं?

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या वाचनालयाचे एक जुने सभासद पुस्तक परत करायला आले. काउंटरवर ते ठेवता ठेवता म्हणाले, “ताई, हे मी दहा वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं. पार बदललो बघा मी.” चेहरा खरोखरच उजळलेला होता. त्यांच्यामागे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी उभी होती. तिने हातातली कादंबरी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, मला तेच द्या.” मी तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

महिन्याभराने तिने ते परत आणलं. कसं वाटलं, असं मी सगळ्यांनाच विचारते, तसं तिलाही विचारलं. ती म्हणाली, “पुस्तक चांगलंच असणार मॅडम. बाकीच्यांना उपयोग होतोय ना. माझंच मन कच्चं आहे.”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. उपयोग झाला नाही, एवढंच ती म्हणाली असती तर मी पुस्तक कपाटात लावून मोकळी झाले असते. पण आपलं मन कच्चं आहे ही समजूत ती पुस्तक नेताना घेऊन गेली नव्हती, परत करताना मात्र घेऊन आली. एकच पुस्तक, एकाचं आयुष्य बदलतं आणि दुसरीला अपराधी करून सोडतं, हे कसं होतं? मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण मन घडवण्याच्या पुस्तकांबद्दल लोक काय बोलतात ते वीसेक वर्षं काउंटरच्या या बाजूने ऐकते आहे, आणि त्यामागचं संशोधन मिळेल तसं वाचत आले आहे. त्यातून जे कळलं ते त्या मुलीला सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी पुस्तकाविषयी. नाव ‘सायको-सायबरनेटिक्स’, लेखक मॅक्सवेल मॉल्ट्झ, साल १९६०. मॉल्ट्झ न्यूयॉर्कमधले प्लास्टिक सर्जन. नाक सरळ करून घ्यायला, चेहऱ्यावरचा व्रण काढून घ्यायला माणसं त्यांच्याकडे येत. पुष्कळजण नवा चेहरा घेऊन नव्या उमेदीने जगायला लागत. काहींचं मात्र ऑपरेशन उत्तम होऊनही त्यांना आरशात जुनाच चेहरा दिसे. मॉल्ट्झ यांनी त्यावरून असं मांडलं की प्रत्येकाच्या मनात स्वतःचं एक चित्र असतं आणि माणूस त्या चित्राबरहुकूम वागतो. ते चित्र तसंच राहिलं, तर वरून काही बदलून फरक पडत नाही.

पुस्तकाच्या नावातला सायबरनेटिक्स हा शब्द गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली रूढ केला. कल्पना अवघड वाटते, पण ती आपल्या गच्चीवरच्या टाकीत बघायला मिळते. टाकीत बॉल असतो. पाणी खाली गेलं की बॉल खाली जातो आणि नळ उघडतो, पाणी वर आलं की बॉल नळ बंद करतो. कुणी लक्ष ठेवायला लागत नाही, ठरलेली पातळी टाकी आपोआप राखते. मॉल्ट्झ म्हणतात, मनही असंच चालतं. ‘मी गणितात ढ आहे’ ही पातळी एकदा लागली की एखाद्या परीक्षेत चांगले गुण पडले तरी मन पुन्हा त्याच पातळीवर येतं. मग पातळीच बदला. रोज थोडा वेळ डोळे मिटून बसा, आपल्याला जसं व्हायचं आहे तसं स्वतःला वागताना बघा.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेले ते २१ दिवस. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण तीन आठवडे लागतात, असं मॉल्ट्झ यांच्या पाहण्यात आलं होतं. मनातलं जुनं चित्र विरायला ‘किमान सुमारे २१ दिवस’ लागतात असं त्यांनी लिहिलं. म्हणजे हे एका सर्जनचं निरीक्षण होतं, सवयींवर केलेला प्रयोग नव्हे. पण तोंडोतोंडी जाताना ‘किमान’ गळलं, ‘सुमारे’ गळलं, आणि २१ दिवसांत सवय लागते असा नियमच होऊन बसला. हे दोन शब्द गळल्याने किती जणांचं नुकसान झालं असेल याचा मला नेहमी विचार पडतो. त्याकडे पुढे येतेच.

कल्पना काही मॉल्ट्झपासून सुरू झाली नाही. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे औषधविक्रेते होऊन गेले. ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होतो आहे’ हे वाक्य सकाळ-संध्याकाळ २० वेळा पुटपुटायला ते सांगत, आणि मोजायला वीस गाठींची दोरी वापरायला सुचवत. आपल्याकडच्या आजीला ती दोरी दाखवली असती तर तिने ओळखली असती. आमच्या कपाटात सर्वांत झिजलेली प्रत आहे ती जोसेफ मर्फी यांच्या अंतर्मनाच्या शक्तीवरच्या १९६३ च्या पुस्तकाची. तिचा मराठी अनुवाद इतक्यांदा बाहेर जातो की शिवण दोनदा घालून घ्यावी लागली.

आता त्या गृहस्थांकडे वळू. ते खोटं बोलत होते का? मुळीच नाही. पण त्यांच्याविषयी मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मे अखेरीस ते निवृत्त झाले होते. तीस वर्षं पाळीची नोकरी, रात्रपाळीची झोप दिवसा, आणि आता पहिल्यांदाच सलग रात्रीची पुरी झोप. पुस्तक त्यांनी नेमकं त्याच दिवसांत वाचलं. चिडचिड कमी झाली ती पुस्तकाने की झोपेने? त्यांना स्वतःलाही ते वेगळं करून सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही.

माणूस असली पुस्तकं कधी उचलतो, हेही बघा. सगळं सुरळीत असताना कुणी मन दुरुस्त करायला जात नाही. नापास झाल्यावर, घरात भांडण झाल्यावर, धंदा बसल्यावर हात त्या कपाटाकडे जातो. म्हणजे सुरुवातच तळापासून होते. तळाला गेलेलं मन पुष्कळदा काही न करताही थोडं वर येतंच. त्या वर येण्याच्या दिवसांत हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते पुस्तक असो, अंगठी असो नाहीतर नवा काढा.

याहून मोठी गंमत आठवणीची आहे. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. अभ्यास कसा करावा हे शिकवणारा वर्ग होता. सुरुवातीला सगळ्यांकडून लिहून घेतलं, की तुमचं अभ्यासाचं कौशल्य आज किती आहे. काहींना वर्गात घेतलं, काहींना थांबवून ठेवलं. वर्ग संपल्यावर विचारलं, तुम्ही सुरुवातीला स्वतःला काय गुण दिले होते ते आठवून सांगा. वर्ग केलेल्यांना आपली सुरुवात प्रत्यक्षापेक्षा वाईट आठवली. मूळ कागदावर होते त्याहून जास्त ते आठवणीत ‘आधी’ ढ होते. आता परीक्षेतले गुण वाढतील अशी त्यांची अपेक्षा होती, प्रत्यक्षात त्या गुणांत फरक पडला नाही. आणि पुढे काही महिन्यांनी विचारलं, तर त्या सत्रातले गुण त्यांना होते त्यापेक्षा चांगले आठवत होते.

यात लबाडी कुणीच केली नव्हती. वेळ घातला, मेहनत घेतली, तर बदल झालाच असणार असं मन धरून चालतं, आणि बदल दिसावा म्हणून कालचा दिवस थोडा काळा करून टाकतं. ‘मी पूर्वी किती वाईट होतो आणि आता बघा’ हे वाक्य ऐकलं की मला हा प्रयोग आठवतो. बोलणारा मनापासून बोलत असतो. फक्त त्याच्या ‘पूर्वी’ला साक्षीदार नसतो.

दुसरा प्रयोग मला सगळ्यांत जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. अमेरिकेत एके काळी कॅसेटींचं पेव फुटलं होतं. वरून समुद्राच्या लाटांचा आवाज किंवा संगीत, आणि आत ऐकू न येणारे संदेश. स्मरणशक्ती वाढवण्याची कॅसेट वेगळी, आत्मविश्वास वाढवण्याची वेगळी. कानाला कळत नाही, पण अंतर्मन ऐकतं आणि बदलतं, असा दावा. अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली याची परीक्षा घेतली. २३७ प्रौढ स्त्री-पुरुष, सगळे मनापासून सुधारणा हवी असणारे. त्यांनी महिनाभर, उत्पादकांनी सांगितलं तशा कॅसेटी वापरल्या. गोम अशी होती की काही कॅसेटींची लेबलं बदललेली होती. बाहेर ‘स्मरणशक्ती’ लिहिलेलं, आत आत्मविश्वासाचा मजकूर. काहींचं उलट. कोणाकडे काय आहे हे ना ऐकणाऱ्याला माहीत, ना तपासणाऱ्याला.

महिन्याने मोजमाप केलं. स्मरणशक्तीच्या कॅसेटीने स्मरणशक्ती वाढल्याचं दिसलं नाही, आत्मविश्वासाच्या कॅसेटीने आत्मविश्वासही नाही. दावा फोल ठरला. पण एक-तृतीयांशाहून जास्त लोकांना ठामपणे वाटत होतं, की आपल्यात सुधारणा झाली आहे. कशात? लेबलावर जे लिहिलं होतं त्यात. आत काय होतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

आणि आणखी एक निष्कर्ष होता, जो लोक सांगायला विसरतात. कोणतीही कॅसेट ऐकलेली असो, सगळ्यांचेच दोन्ही बाबतींतले गुण थोडे वाढले होते. महिनाभर रोज वेळ काढणं, स्वतःकडे लक्ष देणं, बरं होईल अशी आशा धरणं, नाहीतर नुसता दुसऱ्यांदा चाचणी देण्याचा सराव, यांपैकी कशाने तरी. पुस्तकांचंही असंच होत असावं असं मला वाटतं. मलपृष्ठावर काय छापलं आहे, यावर वाचकाला कशात फरक वाटणार हे बरंचसं ठरतं. पण रोज अर्धा तास स्वतःसाठी शांत बसणं हा अर्धा तास काही खोटा नसतो.

मग ‘चाललं नाही’ म्हणणाऱ्यांचं काय? ते काउंटरवर फार कमी दिसतात. पुस्तक खाली ठेवतात, दुसरं घेतात, जातात. मी विचारलं तरच बोलतात. ज्याला फायदा झाला तो दहा जणांना सांगतो. ज्याला झाला नाही तो स्वतःलाही सांगत नाही. त्यामुळे आपल्या कानावर पडतात ती सगळी कौतुकं, आणि ती ऐकून पुढचा माणूस पुस्तक नेतो. आमच्या रांगेत हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्या मुलीने काय केलं होतं ते तिने मला वही उघडून दाखवलं. शेवटच्या पानावर पेन्सिलने १ ते २१ आकडे लिहिले होते. १२ पर्यंत बरोबरची खूण. तिथे ताप आला, दोन दिवस गेले. खाली पुन्हा १ पासून आकडे. दुसऱ्या खेपेला ७ वर थांबली. रोज सकाळी आरशासमोर ‘मी अधिकारी होणारच’ हे शंभर वेळा, आणि झोपताना डोळे मिटून निकालाच्या यादीत आपलं नाव बघायचं. मॉल्ट्झ यांनी नेमकं असंच सांगितलेलं नाही. पण अशी चार-पाच पुस्तकं आणि व्हिडिओ एकत्र होऊन लोकांच्या मनात जी पद्धत तयार झाली आहे ती हीच.

“म्हणताना कसं वाटायचं?” मी विचारलं.

“पहिले दोन दिवस छान. मग आतून कोणीतरी म्हणायचं, दोनदा आपटलीस, कशाला खोटं बोलतेस.”

ही आतली कुरबुर प्रयोगातही दिसली आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोअॅन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे छापलं. लोकांना काही मिनिटं आपले विचार लिहायला बसवलं, आणि त्यातल्या काहींना सांगितलं की घंटा वाजली की मनाशी म्हणायचं, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे औषध ज्याला हवं त्यालाच ते बाधलं. कारण समजायला सोपं आहे. आपल्याला पटत नाही असं वाक्य जोरात म्हटलं की मन पुरावे काढून वाद घालायला लागतं. शंभर वेळा म्हटलं की वादही शंभर वेळा होतो.

तेव्हा ‘माझंच मन कच्चं आहे’ या निष्कर्षाला आधार नाही. तिच्या परिस्थितीत असलेल्या माणसाचं मन जसं वागतं तसंच तिचं वागलं.

निकालाच्या यादीत नाव बघण्याचंही तेच. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना परीक्षेआधी रोज काही मिनिटं कल्पना करायला सांगितलं. काहींनी चांगले गुण मिळाल्याचं दृश्य बघायचं, काहींनी स्वतःला अभ्यास करताना बघायचं. कुठे बसलो आहे, वही उघडतो आहे, टीव्ही बंद करतो आहे, असं. अभ्यास करताना बघणाऱ्यांचा अभ्यास जास्त झाला आणि गुणही चांगले आले. त्यांचं नियोजन नीट झालं होतं आणि धास्ती कमी झाली होती, म्हणून. म्हणजे कल्पना करणं निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. मॉल्ट्झ यांचं ते म्हणणं चांगलंच होतं, की स्वतःला वागताना बघा. वाचक मात्र वागणं वगळून थेट हारतुऱ्यांवर जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण मलपृष्ठावर हारतुरेच छापलेले असतात.

आता ‘रीप्रोग्रॅमिंग’, म्हणजे मनातलं जुनं काढून नवं भरणं, या सगळीकडे ऐकू येणाऱ्या शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण अर्ध्या निराशेचं मूळ या शब्दात आहे. फोनमध्ये जुनं अॅप काढलं की गेलं, नवं टाकलं की आलं. मनाचं असं होत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही वाचनालयाची मांडणी बदलली. दाराजवळचं कादंबऱ्यांचं कपाट आत नेलं, तिथे बालविभाग केला. पाटी लावली, सगळ्यांना सांगितलं. तरी कितीतरी महिने जुने सभासद आत आले की सरळ दाराजवळच्या कपाटाशी जाऊन उभे राहायचे, मग हसून आत वळायचे. त्यांना बदल माहीत होता. पायांना माहीत नव्हता. आजही एखादा फार विचारात असला की तिथेच जातो.

शिकलेलं पुसलं जात नाही, हे पावलोव यांच्या कुत्र्यांपासून दिसत आलं आहे. घंटेनंतर खाणं मिळतं हे शिकलेल्या कुत्र्यांची लाळ नुसत्या घंटेनेही गळायची. मग घंटा वाजवून खाणं न देता देता ती गळायची थांबली, तरी काही काळाने घंटा वाजवली की ती पुन्हा गळायची. जुनं शिक्षण आत शाबूत असतं, त्याच्या शेजारी नवं बसतं, आणि कोणतं वर येईल हे जागा, वेळ, थकवा यांवर ठरतं. म्हणूनच शिबिरात दहा दिवस शांत झालेला माणूस घरी येऊन त्याच सोफ्यावर बसला की संध्याकाळपर्यंत पूर्वीसारखा ओरडतो. त्याला वाटतं सगळं वाया गेलं. गेलेलं काहीच नसतं, फक्त तो जुन्या कपाटापाशी येऊन उभा राहिलेला असतो.

आणि हे नवं बसायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून मोजलं, २०१० साली ते प्रसिद्ध झालं. ९६ जणांनी १२ आठवडे एखादी साधी गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगी करायची, म्हणजे जेवणाबरोबर फळ किंवा जेवणाआधी थोडं पळणं. ती विचार न करता व्हायला लागायला, सगळ्यांना दिवसांच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणाऱ्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि ज्याला सर्वांत जास्त लागणार होते त्याचा हिशेब प्रयोगाच्या पुढे जाऊन २५४ वर पोचला. मला त्यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती एक छोटी नोंद : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता.

मी हे सांगितलं तेव्हा ती मुलगी वहीतल्या त्या दोन रांगांकडे बघत राहिली. तापाच्या दोन दिवसांसाठी तिने बारा दिवस पुसून टाकले होते.

मग मन बदलतं कशाने? इथे मला अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगायची आहे. पुढे हे मोठे मानसोपचारतज्ज्ञ झाले, पण एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटायची. त्यांनी स्वतःला गृहपाठ दिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बाई बसलेली दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला लागायचं. महिन्याभरात ते १३० जणींच्या बाकावर बसले. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. भेटायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, कुणी मारलं नाही. भीती गेली. एकही वाक्य आरशासमोर न म्हणता.

एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली ती मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली, त्यामुळे मराठीत त्यावर वाचायला भरपूर आहे. गाभा असा : घटना थेट आपल्याला दुःख देत नाही, मध्ये आपली एक समजूत असते. ‘मी पास व्हायलाच हवं, नाही झाले तर मी कवडीमोल’ ही समजूत. तिच्या जागी ‘मी ग्रेटच आहे’ हे वाक्य घालायचं नसतं. तिला प्रश्न विचारायचा असतो : व्हायलाच हवं हा नियम कुणी केला? नापास झालेली सगळी माणसं कवडीमोल असतात का? मग जी समजूत उरते ती साधी आणि पटणारी असते. ‘पास व्हावं असं मला फार वाटतं. नाही झाले तर वाईट वाटेल, पण मी संपणार नाही.’ या वाक्याशी आतलं मन भांडत नाही, कारण ते खरं असतं. आणि पुढे बाकावर जाऊन बसायचं असतंच.

पुस्तकाने हे होऊ शकतं का? होऊ शकतं, त्याचाही पुरावा आहे. डेव्हिड बर्न्स यांचं ‘फीलिंग गुड’ हे १९८० चं पुस्तक याच जातीचं, विचार तपासायला लावणारं, पानोपानी लिहायला लावणारं. क्रिस्टीन जेमिसन आणि फॉरेस्ट स्कोगिन यांनी नैराश्य असलेल्या ८० प्रौढांना घेतलं. अर्ध्यांना ते लगेच वाचायला दिलं, अर्ध्यांना थांबायला लावलं. चार आठवड्यांनी वाचणाऱ्यांची लक्षणं थांबलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली होती. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. अशा प्रयोगांत संशोधक वाचकांना अधूनमधून छोटा फोन करून कुठपर्यंत आलं ते विचारतात, आणि मला त्याचं महत्त्व फार वाटतं. घरी एकट्याने पुस्तक वाचणाऱ्याला असं विचारणारं कुणी नसतं.

त्या निवृत्त गृहस्थांच्या घरून नंतर काकू मासिक बदलायला आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, खरंच बदललेत का हो? त्या जरा विचार करून म्हणाल्या, “बोलतात फार त्या पुस्तकाबद्दल. पण एक आहे, जेवताना टीव्ही लावत नाहीत आता. आणि मुलाचा फोन आला की आधी त्याचं ऐकून घेतात.” हे ऐकून मला फार बरं वाटलं. या दोन गोष्टी झोपेने आपोआप होत नाहीत. पुस्तकातलं काहीतरी त्यांनी जेवणाच्या ताटापर्यंत नेलं होतं. तेव्हापासून कुणी म्हणालं की पुस्तकाने बदललो, तर मी विचारते, कुठल्या वेळी काय वेगळं करता? आणि घरातल्यांना ते दिसतं का? उत्तर आलं तर ते पुस्तक पुढच्या माणसाला हक्काने देते.

त्या मुलीला मी आणखी एक विचारलं. सराव परीक्षेत नेमकं कुठे अडतं? ती म्हणाली, सलग तीन प्रश्न चुकले की पेपर मिटते आणि उठून जाते. अडचण इतकी लहान आणि इतकी नेमकी होती, आणि ती महिनाभर निकालाच्या यादीवर काम करत होती. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं जर-तरचं काम, म्हणजे ‘असं झालं, तर तसं करायचं’ हे आधीच ठरवून ठेवणं, अशा जागी उपयोगी पडतं. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुट्टीत दोन दिवसांत एक अहवाल लिहायचा होता. कधी आणि कुठे लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांच्यापैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांनी तो वेळेत लिहिला, बाकीच्यांपैकी जवळपास एक-तृतीयांशांनीच. आम्ही दोघींनी मिळून तिच्या वहीत एकच ओळ लिहिली : ‘सलग तीन चुकले, तर पेन खाली ठेवायचं, पाणी प्यायचं, आणि चौथा प्रश्न वाचायचा.’

एक गोष्ट मात्र मी कुणालाही सांगताना गाळत नाही. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, दोन-दोन आठवडे काहीच करावंसं वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं आहे, अशा वेळी कुठल्याही पुस्तकावर विसंबून राहू नये, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुस्तक वाचून बंद करू नयेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही उचलला जातो, मराठीत बोलता येतं. आमच्या काउंटरवर तो मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे, त्या कपाटाच्या अगदी समोर.

मुलगी परवा अभ्यासिकेतून बाहेर पडताना काउंटरशी थांबली. “आज सलग पाच चुकले मॅडम,” म्हणाली.

“मग?”

“दोनदा पाणी प्यायले. पण पेपर शेवटपर्यंत सोडवला.”